निवास परवाना, जर्मनीतील तात्पुरता

जर्मनीत दीर्घकाळ राहू इच्छिणाऱ्या परदेशी नागरिकाला ठरावीक कारणासाठी आणि ठरावीक मुदतीपुरती मिळणारी शासकीय अनुमती. जर्मन नाव आउफेन्टहाल्ट्सएरलाउब्निस. युरोपीय संघातील देशांच्या नागरिकांना ती लागत नाही. १ जानेवारी २००५ पासून अमलात असलेल्या निवास कायद्याखाली ती दिली जाते. उच्चशिक्षित नोकरदारांसाठीचे ‘ब्लू कार्ड’ याच कायद्यात वेगळे नमूद असले, तरी तेही मुदतीचेच असते.

या परवान्याचा कणा म्हणजे त्याचा हेतू. शिक्षण, नोकरी, संशोधन, कुटुंबाकडे राहणे, नोकरीचा शोध असे हेतू कायद्याने वेगवेगळ्या कलमांत मांडले आहेत आणि कोणत्या कलमाखाली परवाना दिला ते कार्डावर छापलेले असते. त्या कलमावरून काम करता येईल की नाही, किती तास, कोणाकडे, जोडीदाराला आणता येईल का, हे सारे ठरते. म्हणून जर्मनीत राहणारी भारतीय मुले एकमेकांना ‘तू सोळा ब वर आहेस की अठरा ब वर?’ (म्हणजे शिक्षणाच्या कलमावर की नोकरीच्या) असे विचारतात, ते उगीच नव्हे.

पार्श्वभूमी : पश्चिम जर्मनीने १९५५ मध्ये इटलीशी आणि १९६१ मध्ये तुर्कस्तानशी कामगारभरतीचे करार केले. ‘पाहुणे कामगार’ काही वर्षे राबून परत जातील, असा हिशेब होता. तो चुकला. नोव्हेंबर १९७३ मध्ये भरती थांबवली तेव्हा पुष्कळ कामगारांनी परत जाण्याऐवजी बायकामुलांना बोलावून घेतले. एकदा गेलो तर पुन्हा येता येणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. २००० साली संगणकतज्ज्ञांसाठी ‘ग्रीन कार्ड’ योजना आली. नाव अमेरिकेचे असले तरी मुदत जास्तीत जास्त पाच वर्षांची होती. भारतीयांच्या येण्याविरुद्ध निवडणूक प्रचारही तेव्हाच झाला. पुढे २०१२ मध्ये ब्लू कार्ड, २०२० मध्ये कुशल कामगारांसाठीचा कायदा आणि २०२४ मध्ये गुणांवर आधारलेले ‘संधी कार्ड’ आले. डिसेंबर २०२२ मध्ये भारत व जर्मनी यांच्यात स्थलांतरविषयक करार झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्याला कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला.

मिळवणे : अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया अशा काही देशांचे नागरिक आधी जर्मनीत उतरून मग परवान्यासाठी अर्ज करू शकतात. भारतीयांना ही सवलत नाही. त्यांना भारतातूनच राष्ट्रीय व्हिसा घेऊन जावे लागते. विद्यार्थ्याला त्याआधी भारतीय पदवी-गुणपत्रिकांची पडताळणी करून घेणे नोव्हेंबर २०२२ पासून बंधनकारक आहे. राहण्याखाण्याचा खर्च भागेल हे दाखवण्यासाठी बहुतेक जण बंद खात्यात वर्षाची रक्कम ठेवतात. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो झाली. हे पैसे विद्यार्थ्याचेच असतात, पण महिन्याला ९९२ युरोंप्रमाणेच हाती येतात. शैक्षणिक कर्ज काढणाऱ्या घरांत खरा ताण शुल्काचा नसून या रकमेचा असतो. सरकारी विद्यापीठांत शुल्क नाममात्र असते, असे ऐकून निघालेल्यांना ते उशिरा कळते.

पोहोचल्यावर घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्त्याची नोंद करावी लागते. २०१५ पासून त्यासाठी घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र लागते. पत्ता नोंदला नसेल तर पुढची कामे अडतात. मोठ्या शहरांत घर मिळणे जिकिरीचे, आणि मित्राच्या खोलीत तात्पुरते उतरलेल्याला मालक असे प्रमाणपत्र सहसा देत नाही. त्यामुळे परवान्याची पहिली खरी परीक्षा परदेशी नागरिक कार्यालयात नव्हे, घर शोधतानाच होते.

परवाना देणारी कार्यालये स्थानिक असतात. देशभर पाचशेहून अधिक. कायदा एक, पण कागदांची यादी, भेटीची वेळ आणि अधिकाऱ्याचा सूर शहरागणिक बदलतो. अर्जाला पारपत्र, विमा, उत्पन्नाचा पुरावा आणि हेतूचा पुरावा जोडायचा असतो. बोटांचे ठसे घेतले जातात. कार्ड बर्लिनच्या सरकारी छापखान्यात तयार होते आणि काही आठवड्यांनी हाती पडते. चिप असलेले हे कार्ड सप्टेंबर २०११ पासून चालू झाले. त्याआधी पारपत्रात चिकटपट्टी लावत. मराठी माणसाच्या बाबतीत एक किरकोळ गंमत घडते : पारपत्रात स्वतःच्या नावापुढे वडिलांचे नाव छापलेले असते, आणि जर्मन दप्तर ते दुसरे पाळण्यातले नाव समजून कार्डावर तसेच उतरवते. मुलीच्या कार्डावर त्यामुळे पुरुषी नाव झळकते.

टिकवणे : मुदत संपण्याआधी अर्ज करणे हा यातला कळीचा नियम. वेळेत अर्ज केला असेल तर कार्यालयाने निर्णय देईपर्यंत जुना परवाना चालू आहे असे कायदा मानतो. नोकरीची परवानगीही टिकते. तसे लिहिलेला कागद मिळतो, त्याला फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग म्हणतात. मात्र भेटीची वेळ महिनोन्‌महिने न मिळणे हे अनेक शहरांतले वास्तव आहे, आणि तो कागदही मागून घ्यावा लागतो. जुना परवाना वाढवण्यासाठी मिळालेल्या कागदावर भारतात जाऊन परत येता येते. पण त्यावर कोणता प्रकार नोंदवला आहे हे तपासून घ्यावे. पहिल्या प्रवेशानंतरचा दुसरा एक प्रकार प्रवासाला चालत नाही.

विद्यार्थ्याला २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. शिक्षण वाजवी काळात पुरे होईल असे दिसले तर मुदतवाढ मिळते. राहिलेल्या परीक्षांचा प्रश्न इथे येऊन भिडतो. पदवीनंतर नोकरी शोधायला दीड वर्ष मिळते. नोकरी वेळेआधी सुटली तर परवानाधारकाने ते दोन आठवड्यांत कार्यालयाला कळवायचे असते, आणि कार्यालय परवान्याची मुदत कमी करू शकते. ज्या देशात नोकरकपात शांतपणे होते तिथे ही अट कडक वाटते. सहा महिन्यांहून अधिक काळ देशाबाहेर राहिल्यास परवाना आपोआप संपतो. ब्लू कार्डाला ही मर्यादा बारा महिन्यांची आहे. पारपत्राची मुदत हाही नेहमीचा फास आहे, कारण परवाना सहसा त्यापलीकडे जात नाही. नवे पारपत्र बर्लिनच्या दूतावासातून किंवा फ्रँकफर्ट, हॅम्बुर्ग, म्युनिक येथील वाणिज्य दूतावासांतून मिळते.

जोडीदाराला आणताना सर्वसाधारणपणे त्याला प्राथमिक जर्मन येणे आवश्यक आहे. ही अट २००७ मध्ये घातली. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला ती लागू नाही. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात पहिल्या पातळीच्या वर्गात लग्न ठरलेल्या मुली दिसतात, त्यामागे हेच कारण.

पुढचा टप्पा : कायमस्वरूपी परवाना साधारण पाच वर्षांनी मिळतो, कुशल कामगारांना तीन, जर्मनीत पदवी घेतलेल्यांना दोन वर्षांच्या नोकरीनंतर. ब्लू कार्डधारकांना २७ महिने, जर्मन मध्यम पातळीवर येत असेल तर २१ महिने. पाच वर्षांच्या हिशेबात विद्यार्थिदशेतला काळ निम्माच धरला जातो. नागरिकत्वासाठी जून २०२४ पासून पाच वर्षांची वास्तव्याची अट आहे आणि जर्मनीकडून दुहेरी नागरिकत्वाला हरकत नाही. हरकत भारताची आहे. जर्मन पारपत्र घेताच भारतीय पारपत्र परत करावे लागते आणि त्यानंतर भारतात येण्यासाठी भारताचाच व्हिसा किंवा ‘ओसीआय’ (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड काढावे लागते.