माहीम की वांद्रे? एका खाडीचे दोन काठ

भिलाईच्या जुनवानीतून बोलतोय. आजचा विषय लढाईचा नाही, घर घेण्याचा आहे. पण लढाई त्यात येणारच, हे तुम्ही आता ओळखून असाल.

झालं असं. माझी लेक आणि जावई मुंबईत नोकरीला आहेत. दहा वर्षं भाड्याच्या घरात काढली. दिवाळीनंतर लेकीचा फोन आला. "बाबा, दोन फ्लॅट बघितलेत. एक माहीमला, एक वांद्रे पूर्वेला. किंमत जवळपास सारखीच आहे. तुम्हीच सांगा." आता या 'तुम्हीच सांगा'मागे कारण आहे. निवृत्तीच्या वेळी पेन्शन कम्यूट करून जे मिळालं, त्यातला मोठा हिस्सा मी त्या घरात घालणार आहे. चुकलं तर दुसऱ्यांदा घालायला माझ्याकडे काही नाही.

आमच्या जुनवानीत पाण्याकाठचं घर म्हणजे तलावाकाठचं घर. समुद्राच्या खाडीतलं मला काय कळणार? पण मी सॅपर. आयुष्य पूल बांधण्यात आणि नकाशे वाचण्यात गेलं. मुंबईचा नकाशा टेबलावर पसरला आणि सगळ्यात आधी दिसली ती खाडी. दक्षिणेला माहीम, उत्तरेला वांद्रे, मधे मिठी नदीचं मुख. आम्ही फौजेत अशा पाण्याला अडथळा म्हणतो. अडथळ्याचा कुठला काठ चांगला, हे काठावरून ठरत नाही. तो ओलांडायची जागा कोणाच्या हातात आहे आणि पलीकडे कोण बसलंय, यावरून ठरतं.

आता मागे चला. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्याबरोबर हा सगळा मुलूख पोर्तुगीजांना दिला. तेव्हा दोन्ही काठ एकाच धन्याचे झाले. पुढे १६६१ मध्ये पोर्तुगालच्या राजकन्येचं इंग्लंडच्या राजाशी लग्न ठरलं आणि आंदणात मुंबई गेली. इंग्रजांनी प्रत्यक्ष ताबा घेतला १६६५ मध्ये. माहीम आंदणात येतं की नाही यावर वाद झाला, पण त्यांनी तेही घेतलंच. वांद्रे मात्र साष्टी बेटात, म्हणून पोर्तुगीजांकडेच राहिलं. तिथे जमिनीच्या टोकावर १६४० पासून त्यांचा किल्ला होता, इकडे माहीमला इंग्रजांचा. म्हणजे ज्या खाडीवर आज लेकीला संध्याकाळी फेरफटका मारायचाय, ती दोन राज्यांमधली सरहद्द होती.

मग आलं १७३९. चिमाजी अप्पांनी वसई घेतली. त्या मोहिमेवर मी अख्खा एक भाग केलाय आणि अभिमानाने केलाय. पण आज जरा वांद्र्याच्या काठावर उभं राहून बघा. मराठ्यांच्या हाती पडून तोफा माहीमकडे वळू नयेत, म्हणून इंग्रजांनी वांद्र्याचा किल्ला सुरुंगाने बराचसा पाडून टाकला. शेजारी आपलं घर वाचवायला तुमच्या घराची भिंत पाडतो, त्यातला प्रकार. डोंगरावरचं मारियेचं देऊळ त्या धामधुमीत उद्ध्वस्त झालं आणि तिथली मूर्ती खाडीपलीकडे माहीमच्या सेंट मायकेल चर्चमध्ये नेली. १७६१ पर्यंत ती तिथेच होती. आज ज्या माउंट मेरीच्या जत्रेला मुंबई लोटते, ती मोत माउली बावीस वर्षं माहीमकर होती! देवालाच काठ बदलावा लागला, तिथे माणसांचं काय झालं असेल? वसईचा विजय मी पुन्हाही सांगेन. पण पोरंबाळं घेऊन होडीत बसणाऱ्या घराला झेंडा कोणाचा याच्यापेक्षा पलीकडचा धक्का लागतो कधी, याची जास्त काळजी असते. फौजेत असताना हे मला कळत नव्हतं. (दोनच वर्षांनी, १७४१ मध्ये, नागपूरकर भोसल्यांची फौज आमच्या छत्तीसगडात, रतनपूरला पोचली. तिथल्या लोकांनाही असंच वाटलं असणार. तो विषय वेगळा.)

पस्तीस वर्षं हे असं चाललं. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि साष्टी त्यांच्याकडे गेली. १७८२ च्या सालबाईच्या तहात त्यावर शिक्कामोर्तब झालं. सरहद्द संपली. तरी वांद्र्याला मोल आलं नाही, कारण मधे पाणी होतंच. होडीवर आणि भरती-ओहोटीवर भरवसा ठेवून जगायचं. पावसाळ्यात तर देवाचं नाव घ्यायचं.

इथे मला सगळ्यात आवडणारी हकिकत येते. खाडीवर रस्ता बांधायला कंपनी सरकार पैसे देईना. तेव्हा सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांनी १,५७,००० रुपये दिले. १८४० च्या दशकातले! अट एकच: या रस्त्यावर टोल घ्यायचा नाही. १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे खुला झाला. मी हयातीत बरेच पूल बांधले, सगळे सरकारी खर्चाने आणि सरकारी हुकमाने. स्वतःच्या खिशातून दोन काठ जोडणारी बाई मला एकाही प्रमोशन परीक्षेच्या पुस्तकात भेटली नाही. कॉजवे झाला आणि वांद्रे जगायला सोयीचं झालं. १८६७ मध्ये विरारची रेल्वे सुरू झाली, तीही इथूनच. १८७६ मध्ये वांद्र्याला स्वतःची म्युनिसिपालिटी आली.

त्यानंतर १८९६ चा प्लेग. मांडवीत पहिली लागण सापडली आणि शहर पळत सुटलं. ज्याला परवडलं तो मोकळ्या हवेला, खाडीपलीकडे गेला. आता पारडं वांद्र्याकडे झुकलं. प्लेग तिथेही पोचला. वांद्र्याच्या गल्लीबोळांत दगडी क्रूस दिसतात, त्यातले कित्येक त्याच काळातले आहेत.

सरकारने १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला आणि दाटी फोडून दादर-माटुंग्याकडे आखीव वस्ती वसवायला घेतली. १९२५ मध्ये समुद्राकाठी एक मोठं मैदान खुलं झालं. नाव होतं माहीम पार्क. दोन वर्षांनी, शिवजन्माच्या त्रिशताब्दीला, त्याचं शिवाजी पार्क झालं. मग मराठी मध्यमवर्ग तिकडे वळला, पारडं पुन्हा दक्षिणेकडे. तोवर वांद्रे मुंबई शहरात नव्हतंच. १९२० पासून ते उपनगर जिल्ह्यात होतं, शहराच्या महापालिकेत आलं ते १९५० मध्ये. पुढे वांद्रे पूर्वेच्या दलदलीच्या जमिनीवर सरकारी वसाहत, कलानगर, मराठी लेखकांची साहित्य सहवास सोसायटी उभी राहिली. सचिन तेंडुलकर तिथेच वाढला, वडील रमेश तेंडुलकर कवी. त्या पिढीच्या लेखक-प्राध्यापकांना शिवाजी पार्क कुठलं परवडायला! चिखलात का होईना, स्वतःचं घर झालं.

तर एवढं वाचून माझं मत तयार झालं: वांद्रे पूर्व. बीकेसी शेजारी, स्टेशन जवळ, साहित्य सहवासचा शेजार. लेकीला तसं सांगूनही टाकलं. मग जानेवारीत मुंबईला गेलो आणि भरतीच्या वेळी तिच्याबरोबर कॉजवेवर उभा राहिलो.

तिथे सॅपर जागा झाला. नकाशावर मी रस्ता पाहत होतो, पाणी पाहिलंच नव्हतं. कॉजवे म्हणजे पूल कमी आणि बांध जास्त. विहार तलावाच्या सांडव्यापासून जवळजवळ अठरा किलोमीटर वाहत येणारी मिठी इथल्या पुलाखालच्या मोकळ्या जागेतूनच समुद्रात जाते. वर बीकेसी जिथे उभं आहे, तिथे एकेकाळी पाणथळ आणि खारफुटी होती. पावसाचं पाणी पसरायची ती जागा. समुद्राच्या बाजूला वांद्रे रेक्लमेशन. दोन्हीकडून खाडी आवळली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, समुद्राला भरती, पाणी बाहेर जाईना, आणि कलानगरचा परिसर पाण्याखाली गेला. अवाबाईंच्या दानाला दोष नाही. नंतरच्यांनी पाण्याची जागा मोजलीच नाही.

लेकीला म्हटलं, ब्रोकरला काही विचारू नकोस. दोन्ही बिल्डिंगींखालच्या दुकानदारांना विचार, त्या दिवशी पाणी कुठवर आलं होतं. वांद्र्याच्या वाण्याने छातीवर हात ठेवला. माहीमच्या इस्त्रीवाल्याने पायरीकडे बोट दाखवलं, तिसऱ्या. माहीमची बिल्डिंग जुनी आहे. जिन्यात ओल आहे, लिफ्ट नाही, सोसायटीच्या दुरुस्ती फंडात फारसं काही नाही. जावई अजूनही म्हणतो, "बाबा, वांद्र्याला पुढे भाव चढेल." चढेलही. या खाडीवर भाव कितीदा काठ बदलून गेला, ते आत्ता तुम्ही ऐकलंत.

माहीमचं टोकन दिलंय. माझं आधीचं मत चुकलं होतं, हे लेकीसमोर कबूल करायला मला दोन दिवस लागले. ती हसली आणि म्हणाली, "बाबा, दुरुस्तीचा खर्चही तुमच्याकडेच बरं का." स्ट्रक्चरल ऑडिट मी स्वतः उभा राहून करून घेणार आहे.

पुढच्या भागात साष्टीतच राहू: १७७४ चा ठाण्याचा वेढा. नकाशा समोर ठेवून बसा. जय हिंद.