निंबाळकर, मालोजीराव नाईक

(१८९६–१९७८). फलटण संस्थानचे अखेरचे अधिपती व पुढे मुंबई राज्याचे सार्वजनिक बांधकाम मंत्री. सु. १,०२८ चौ. किमी. क्षेत्राचे हे संस्थान नीरा नदीच्या दक्षिणेस होते. नदीच्या उत्तरेस पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर हे तालुके लागतात. या दोन्ही तीरांचे संबंध जुने आहेत. शहाजीराजांची आई फलटणच्या निंबाळकर घराण्यातील होती व तिचे पती मालोजी भोसले हे इंदापूरच्या लढाईत मारले गेले. छत्रपती शिवाजी महाराजांच्या पत्नी सईबाई याही याच घराण्यातील होत.

मालोजीरावांना १९१७ मध्ये राज्यकारभाराचे अधिकार मिळाले. दक्षिणेतील हा प्रदेश अवर्षणप्रवण असल्यामुळे शेतीचे भवितव्य नीरेच्या पाण्यावर अवलंबून होते. डाव्या कालव्याचे पाणी बारामती व इंदापूर भागास १८८५ पासूनच मिळू लागले होते. भाटघर येथे १९२० नंतरच्या दशकात नवे मोठे धरण बांधले गेले आणि उजव्या कालव्याने फलटणकडील जमिनीही भिजू लागल्या. परिणामी ऊसलागवड वाढली. १९३० नंतरच्या दशकात संस्थानात साखरवाडी येथे आणि पलीकडे इंदापूर तालुक्यात वालचंदनगर येथे साखर कारखाने उभे राहिले.

८ मार्च १९४८ रोजी फलटण मुंबई राज्यात विलीन झाले व सातारा जिल्ह्याचा तालुका बनले. मालोजीराव मात्र सार्वजनिक जीवनातून निवृत्त झाले नाहीत. मोरारजी देसाई यांच्या १९५२ च्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे सार्वजनिक बांधकाम खाते होते. त्यांच्या मंत्रिपदाच्या काळातच, १९५४ मध्ये, कोयना प्रकल्पाचा प्रारंभ झाला. पूर्वी संस्थानच्या सीमेपर्यंतच चालणारा त्यांचा अधिकार आता नीरेच्या दोन्ही तीरांना लागू झाला. परंतु तो वंशपरंपरागत न राहता विधिमंडळास उत्तरदायी झाला.

अशा स्थित्यंतराचे उदाहरण जपानच्या इतिहासातही आढळते. तेथील सरंजामदारांनी (दाइम्यो) १८६९ मध्ये आपले प्रदेश सम्राटास अर्पण केले व ते त्याच प्रदेशांचे शासकीय प्रशासक झाले. १८७१ मध्ये ते प्रदेशच रद्द होऊन त्यांची ती पदेही गेली. त्यांपैकी तोकुशिमाचे हाचिसुका मोचिआकी हे पुढे टोकिओचे राज्यपाल व शिक्षणमंत्री झाले. तथापि त्यांना ही पदे सम्राटाच्या शासनाकडून मिळाली होती. मालोजीरावांचे मंत्रिपद प्रौढ मताधिकारावर आधारलेल्या राज्यव्यवस्थेतील होते. त्यामुळे कालची प्रजा आता मतदार झाली होती, आणि लोकमताच्या लाटेपासून राजघराणेही अलिप्त राहू शकत नव्हते. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर काँग्रेसजनांची १९५५ मधील महत्त्वाची बैठक फलटण येथेच झाली. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रातील मतदारांनी काँग्रेसचा मोठा पराभव केला. राजसत्तेचे लोकसत्तेत झालेले रूपांतर अधिपतीच्या हयातीतच किती पूर्णत्वास गेले, हे मालोजीरावांच्या चरित्रावरून स्पष्ट होते.