एक्झॉस्ट ब्रेकचा स्विच गिअरच्या दांड्यावर: बसवण्याआधी काय पाहावे?

बेळगावहून गोव्यात किंवा कोकणात माल उतरवायचा म्हणजे चोर्ला, अनमोड, आंबोली यांपैकी एक घाट आलाच. केए-22 असो, एमएच-09 असो की गोव्याची गाडी, उतार सगळ्यांना सारखाच. या रस्त्यांवरच्या बऱ्याच ट्रकांना एक्झॉस्ट ब्रेक असतो. पण त्याचा स्विच कुठे डॅशबोर्डवर, कुठे स्टिअरिंगखाली, तर काही जुन्या गाड्यांत पायाशी असतो. वळणावर उजवा हात स्टिअरिंगवर आणि डावा गिअरवर असताना स्विच शोधत बसायला सवड कुणाला? म्हणून काही जण गिअरच्या दांड्यावरच स्विच बसवून घेतात. सोय चांगली आहे. पण वायर चुकीच्या जागी जोडली, तर हीच सोय अंगाशी येते.

हा ब्रेक करतो काय?

टर्बोच्या पुढे, सायलेन्सरकडे जाणाऱ्या पाइपात एक झडप असते. स्विच दाबला की सोलेनॉइड व्हॉल्व्ह उघडतो, टाकीतली हवा एका छोट्या सिलिंडरमध्ये जाते आणि झडप बंद होते. इंजिनातून बाहेर पडणारी हवा पाइपात कोंडते. त्या दाबाविरुद्ध पिस्टनला जोर लावावा लागतो आणि गिअरमधून तो अडसर मागच्या चाकांपर्यंत पोहोचतो.

याची गरज किती, ते हिशेबाने पाहा. तीन अॅक्सलच्या दहाचाकी ट्रकला 2018 पासून 28.5 टन एकूण वजनाची मुभा आहे. एवढी भरलेली गाडी 500 मीटर उंचीवरून खाली आली, तर सुमारे 39 युनिट विजेइतकी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ती सगळी पायाच्या ब्रेकवर टाकली, की ड्रम तापून फुगतात, लायनरची पकड कमी होते आणि पेडल दाबूनही गाडी ऐकत नाही. सारखा ब्रेक मारल्याने टाकीतली हवाही उतरते. यातला काही भार एक्झॉस्ट ब्रेक उचलतो. मात्र तो गाडी थांबवत नाही, फक्त वेग धरून ठेवतो. थांबवायला पायाचाच ब्रेक लागतो.

वायर कुठून न्यायची?

कंपनीच्या जोडणीत क्लच आणि एक्सलेटर या दोन्ही पेडलांशी एकेक छोटा स्विच असतो. क्लच दाबला किंवा एक्सलेटर दिला, की झडप आपोआप उघडते. ही साखळी तुटता कामा नये. काही ठिकाणी झटपट काम म्हणून दांड्यावरच्या स्विचची वायर थेट सोलेनॉइडला नेतात. मग गिअर बदलताना क्लच दाबला तरी झडप बंदच राहते, इंजिन बंद पडू शकते आणि गाडी उतारावर मोकळी सुटते.

बरोबर पद्धत अशी: चावीनंतरचा करंट, फ्यूज, डॅशबोर्डवरचा जुना स्विच, दांड्यावरचा नवा स्विच, एक्सलेटरचा स्विच, क्लचचा स्विच आणि शेवटी रिले. हे सगळे एकापाठोपाठ एक. सोलेनॉइडला करंट द्यायचा तो रिलेने. जुना स्विच काढू नये. नव्यात बिघाड झाला तर त्यानेच सगळं बंद करता येतं. गाडी 12 व्होल्टची की 24 ची, ते पाहून त्याच व्होल्टचा रिले आणि दिवा घ्यावा.

आणखी एक गोष्ट वायरिंगवाल्याला आधीच सांगावी. नवा स्विच अर्थच्या बाजूला घेतला, तर एकाच वायरीत काम भागतं. पण दांडा सतत हलतो. ती वायर घासून सोलली आणि बॉडीला टेकली, की ब्रेक आपोआप लागतो. करंटच्या बाजूला स्विच असेल, तर तशाच वेळी फ्यूज उडतो आणि ब्रेक सुटतो. बिघाड व्हायचाच असेल तर असा झालेला बरा.

बसवताना

काम सुरू करण्याआधी बॅटरीची वायर काढावी. दांड्याला भोक पाडू नये, क्लॅम्प वापरावा. स्विच चालू-बंद अवस्था धरून ठेवणारा असावा आणि त्यासोबत डॅशबोर्डवर दिवा हवाच. ब्रेक चालू राहिलाय हे कळलं पाहिजे. वायर जाळीदार नळीतून न्यावी आणि दांड्याच्या बुडाशी थोडी ढिली ठेवावी. मग सगळे गिअर टाकून पाहावेत. केबिन पुढे झुकणारी असेल, तर ती पूर्ण झुकवूनही वायर ताणत नाही ना, हे बघावं.

तपासणी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, चाकांना ओंडके लावून करावी. हवा पूर्ण भरल्यावर, इंजिन चालू असताना एकाने स्विच दाबावा आणि दुसऱ्याने झडपेच्या सिलिंडरचा दांडा लांबून पाहावा. क्लच दाबल्यावर, एक्सलेटर दिल्यावर आणि स्विच बंद केल्यावर, तिन्ही वेळा झडप उघडली पाहिजे. एकदाही अडकली तर गाडी घाटात नेऊ नये. काजळीने झडप अडकते, म्हणून ती अधूनमधून साफ करून घ्यावी.

कुठल्या गाडीत हात घालू नये?

एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 ट्रकांत हे काम बहुधा इंजिनाच्या कॉम्प्युटरमार्फत चालते. तिथे वायर कापण्याआधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारावं, नाहीतर वॉरंटीचा प्रश्न येतो. मुळात एक्झॉस्ट ब्रेकच नसलेल्या गाडीला तो नव्याने बसवणे हे तर वेगळेच काम आहे. इंजिन किती दाब सोसेल हे ते बनवणारी कंपनीच सांगू शकते. नोंदणीपुस्तकातल्या मूळ तपशिलाशी न जुळणाऱ्या बदलांना मोटार वाहन कायद्याचे कलम 52 लागू होते, आणि हा कायदा तिन्ही राज्यांत एकच आहे.

घाटात

ज्या गिअरने घाट चढाल त्याच गिअरने, किंवा एक खालच्या गिअरने उतरा. इंजिनाचे फेरे जास्त असताना हा ब्रेक चांगला धरतो, पण मीटरवरच्या लाल पट्ट्यात काटा जाऊ देऊ नये. पावसात आणि गाडी रिकामी असताना जपून वापरावा, कारण जोर फक्त मागच्या चाकांवर येतो आणि ती घसरू शकतात. अनेक गाड्यांत या ब्रेकने मागचे लाल दिवे लागत नाहीत. म्हणून मागे गाडी असेल तर पायाचा ब्रेक हलकाच दाबून इशारा द्यावा.

आणि डिझेल वाचवायला न्यूट्रल मारू नये. गिअरमध्ये, एक्सलेटर सोडून उतरताना इंजिनाला डिझेल जवळजवळ जातच नाही. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतंच, शिवाय एक्झॉस्ट ब्रेकही निकामी होतो, मग त्याचा स्विच कुठेही असो.