डोस पुढे का ढकलतात?

कर्करोगावर केमोथेरपी चालू असलेल्या घरात एक वाक्य कधी ना कधी ऐकू येते. "या वेळी काउंट कमी आले, डोस आठवडाभर पुढे ढकलला." ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. तेवढ्या दिवसांत गाठ वाढली तर? आपल्या वर्गातल्या एखाद्या मुलाची आई, कधी शाळेतलाच एखादा सहकारी या उपचारांतून जात असतो, आणि विज्ञानाचे शिक्षक म्हणून हा प्रश्न आपल्यालाही विचारला जातो. त्याचे उत्तर द्यायचे तर दोन डोसांमध्ये अंतर का ठेवतात आणि ते कसे ठरले, हे माहीत हवे. या इतिहासाची सुरुवात एका विषापासून होते.

पहिल्या महायुद्धात मस्टर्ड वायूचा वापर झाला. त्याने कातडी भाजते, फुप्फुसे जळतात हे कोणालाही दिसत होते. १९१९ मध्ये क्रुम्भार या अमेरिकी डॉक्टर दांपत्याने आणखी एक गोष्ट नोंदवली. वायूबाधित सैनिकांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी फार कमी होतात आणि त्या जिथे तयार होतात ती अस्थिमज्जा ओस पडते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येल विद्यापीठातील औषधशास्त्रज्ञ लुईस गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन यांच्याकडे याच कुळातील नायट्रोजन मस्टर्डचा अभ्यास आला. भरभर विभागणाऱ्या पांढऱ्या पेशी या रसायनाने मरत असतील, तर पांढऱ्या पेशींच्याच कर्करोगावर ते का वापरू नये, असा त्यांचा विचार होता. उंदरांवर प्रयोग झाले आणि ऑगस्ट १९४२ मध्ये एका रुग्णाला ते दिले गेले. किरणोपचारांनी त्याला गुण येईनासा झाला होता. थोड्याच दिवसांत त्याच्या गाठी विरघळल्या. पण त्याच्या पांढऱ्या पेशीही धोकादायक पातळीपर्यंत उतरल्या आणि मज्जा सावरेपर्यंत थांबावे लागले. मज्जा सावरली, तशा गाठीही परतल्या. दुसऱ्या खेपेला गुण कमी आला, तिसऱ्या खेपेला त्याहून कमी. डिसेंबरात तो दगावला. युद्धकालीन गुप्ततेमुळे जगाला हे १९४६ मध्ये कळले.

आमच्या मते केमोथेरपीच्या वेळापत्रकाचा सगळा पेच या एका रुग्णात दिसतो. औषध गाठीला मारते आणि मज्जेलाही. दोघी पुन्हा डोके वर काढतात. दुसरा घाव घालायचा, तो मज्जा सावरल्यावर पण गाठ सावरण्यापूर्वी. ही फट किती दिवसांची असते?

मज्जेच्या बाजूने पाहू. रक्तातील न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी म्हणजे जंतूंविरुद्धची पहिली फळी. त्यांचे रक्तातील आयुष्य काही तासांचे, फार तर एखाद-दोन दिवसांचे. बिंबिका (प्लेटलेट) सात ते दहा दिवस टिकतात, तर तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस. मज्जेचे काम बंद पडले की आधी न्यूट्रोफिल घटतात, मग बिंबिका; रक्तक्षय सावकाश दिसतो. पण न्यूट्रोफिलही दुसऱ्याच दिवशी कमी होत नाहीत. मज्जेच्या कोठारात तयार पेशींचा साधारण आठवडाभर पुरेल इतका साठा असतो. म्हणून डोसानंतर पहिले काही दिवस काउंट बरे असतात, साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत तळाला जातात आणि तीन-चार आठवड्यांत वर येतात. बऱ्याच औषधांची 'सायकल' २१ किंवा २८ दिवसांची असते ती यामुळे. नायट्रोसोयुरिया गटातील औषधांनी काउंट चार ते सहा आठवड्यांनी उतरतात, म्हणून तिथे सायकल सहा आठवड्यांची असते.

आता गाठीची बाजू. १९४७ साली बॉस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना ॲमिनोप्टेरिन दिले. हे औषध लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाले होते आणि तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातील भीमावरमला जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव. १६ पैकी १० मुलांना उतार पडला, पण तोही तात्पुरता. रोग का परततो याचा हिशेब अलाबामात हॉवर्ड स्किपर यांनी उंदरांवर मांडला आणि १९६४ मध्ये प्रसिद्ध केला. कर्करोगाची एक जिवंत पेशीसुद्धा उंदराला मारू शकते, आणि औषधाचा एक डोस ठरावीक संख्येने नव्हे तर ठरावीक प्रमाणात पेशी मारतो, असे त्यांना आढळले.

हा हिशेब नववी-दहावीच्या मुलांना फळ्यावर करून दाखवता येईल. एक सेंटिमीटरच्या गाठीत सुमारे १०० कोटी पेशी असतात. मानू या, एका डोसात ९९.९ टक्के पेशी मरतात आणि पुढच्या २१ दिवसांत उरलेल्या दसपट होतात. पहिल्या डोसानंतर १० लाख उरल्या, त्यांच्या झाल्या १ कोटी. दुसऱ्यानंतर १० हजार, त्यांच्या १ लाख. तिसऱ्यानंतर १००, त्यांच्या १०००. चौथ्यानंतर १, तिच्या १०. शून्यापर्यंत पोचायला पाचवा डोस लागतो. गाठ मात्र पहिल्या-दुसऱ्या डोसातच दिसेनाशी होते. 'आता काही दिसत नाही, मग औषध कशाला?' या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते.

याच आकड्यांत आठवड्याचा उशीर घालून पाहा. २१ दिवसांत दसपट म्हणजे सात दिवसांत दुपटीहून किंचित जास्त. पुढचा डोस पेशी हजारपटीने कमी करणार आहे. त्या मानाने एका आठवड्याचे नुकसान लहान आहे. पण प्रत्येक खेपेला आठवडा गेला, तर चार वेळा मिळून वाढ विसाहून अधिक पट होते. खऱ्या गाठी इतक्या सरळ वागत नाहीत, त्यांत औषधाला न जुमानणाऱ्या पेशीही असतात. तरी चिंता एका उशिराची करावी की वारंवार होणाऱ्या उशिराची, हे या गणितातून कळते.

न थांबता डोस दिला तर काय होईल, हेही मोजले गेले आहे. १९६६ मध्ये जेराल्ड बोडी आणि सहकाऱ्यांनी दाखवले की न्यूट्रोफिल दर घन मिलिमीटरला १००० च्या खाली गेले की जंतुसंसर्ग वाढतात आणि १०० च्या खाली गेले की फारच वाढतात. व्हिन्सेंट डेव्हिटा आणि सहकाऱ्यांनी १९६४ पासून हॉजकिनच्या रोगावर चार औषधे एकत्र वापरली तेव्हा दोन आठवडे औषध आणि दोन आठवडे विश्रांती असा क्रम ठेवला. सुमारे ८० टक्के रुग्णांतला रोग पूर्ण दिसेनासा झाला. ती विश्रांती मज्जेसाठी होती.

उलट बाजूही सांगायला हवी. मिलान येथील जियान्नी बोनादोन्ना यांनी स्तनाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर तीन औषधांच्या १२ सायकली दिल्या. १९९५ मध्ये त्यांनी २० वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. ठरलेल्या मात्रेच्या किमान ८५ टक्के औषध ज्यांना मिळाले, त्या स्त्रियांना अधिक फायदा झालेला दिसला. म्हणून डॉक्टर डोस सहजासहजी पुढे ढकलत नाहीत. बहुधा न्यूट्रोफिल १५०० आणि बिंबिका एक लाख असल्या की पुढे जातात. काही उपचारांत याहून कमीही चालतात. १९९१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले जी-सीएसएफचे इंजेक्शन न्यूट्रोफिल लवकर वर आणते. त्यामागे मेलबर्नच्या डोनाल्ड मेटकाफ यांचे १९६० च्या दशकापासूनचे काम आहे. केमोनंतर निदान एक दिवस सोडून ते देतात, कारण त्याने जाग्या झालेल्या, विभागणाऱ्या पेशी अंगात असलेल्या औषधालाच बळी पडतील. बिंबिकांवर त्याचा उपयोग नाही. अमुक खाल्ल्याने काउंट वाढतात या सल्ल्यांना मात्र भरवशाचा पुरावा नाही.

काउंटसाठी झालेला उशीर हा अशा रीतीने उपचाराचाच भाग आहे. पैसे जमले नाहीत, गाडी चुकली, मळमळीला कंटाळून रुग्ण आलाच नाही, हे उशीर वेगळे. मुंबईच्या टाटा रुग्णालयात दूरदूरहून येणारी कुटुंबे दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी उतरतात. तिथे आठवडाभराचा मुक्काम वाढणे म्हणजे बुडालेली मजुरी आणि चुकलेली शाळा. अशा वेळी मुलाची हजेरी आणि परीक्षा यांत शाळेला पुष्कळ सोय करता येते.

घरच्यांनी एका वहीत डोसाची तारीख आणि प्रत्येक तपासणीतले न्यूट्रोफिल व बिंबिका लिहून ठेवाव्यात. दोन-तीन सायकलींनंतर त्या रुग्णाचे काउंट कधी उतरतात आणि कधी चढतात हे दिसू लागते, आणि 'पुन्हा तपासणी कधी, त्या वेळी काउंट किती हवेत?' असे नेमके विचारता येते. मधल्या दिवसांत १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप आला तर मात्र वही, हिशेब बाजूला ठेवून, रात्र असली तरी, लगेच रुग्णालय गाठायचे. न्यूट्रोफिल तळाला असताना पू, सूज अशी नेहमीची लक्षणे दिसतीलच असे नाही, कारण ती लक्षणे घडवणाऱ्या पेशीच तेव्हा रक्तात नसतात.