अजिंठ्याच्या भिंतीसमोर बसलेली जे.जे.ची पोरं

अजिंठा कुणी शोधला, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. पण त्या भिंतींसमोर बसून महिनोन् महिने चित्रं उतरवली कुणी, हे विचारलं की आपण गप्प.

मुंबईचं जे.जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ चं. तिथे चित्रकला शिकायची म्हणजे ग्रीक देवांच्या प्लास्टरच्या पुतळ्यांसमोर बसायचं. एका बाजूने उजेड, दुसऱ्या बाजूला सावली, आणि त्या सावलीतून स्नायू उठवायचे. ज्या देवांची गोष्ट घरात कुणी कधी सांगितली नाही, त्यांची नाकं नि दंड आमची पोरं गिरवत होती.

१८७२ मध्ये तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला गेले. गाव तेव्हा निजामाच्या हद्दीत. कारण सरकारी होतं. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने वर्षानुवर्षं खपून केलेल्या नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या होत्या. पुन्हा नकला हव्या होत्या.

आता विचार करा. सतराव्या लेण्यात विश्वंतर जातकाचा पट आहे. राज्याचा हत्ती दान करणारा, पुढे पोटची पोरंही देऊन टाकणारा राजपुत्र. इथे पुतळ्यासारखी एका बाजूची सावली नाही. गालाची गोलाई, बोटाची लवचीक वळणं, बरंचसं काम रेघच करते. पुतळ्यावर तयार झालेला हात इथे अडखळणारच. त्यात नकला करायच्या कॅनव्हासवर, तैलरंगात. भिंतीवरचा रंग कोरडा, मातकट. तेलाचा रंग चकाकणारा. म्हणजे उतरवताना प्रत्येक ठिकाणी काहीतरी ठरवावं लागायचं. नुसती नक्कल म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एकदा पदम्पाणीचा हात काढून बघावा!

मध्ये खंड पडत हे काम १८८५ पर्यंत चाललं. सुमारे तीनशे चित्रं झाली. पेस्तनजी बोमनजी त्यात पुढे होते. नंतर त्यांचं नाव झालं ते मात्र पारशी घरातल्या माणसांच्या, पाश्चात्त्य वळणाच्या चित्रांनी. अजिंठ्याची रेघ त्यांच्या हातात फारशी उतरली नाही, असं मला वाटतं. १९०९ नंतर लेडी हेरिंगहॅम यांच्यासोबत नंदलाल बोस आणि असित हलदार तिथे नकला करायला गेले, आणि बंगालच्या चित्रकलेत ती रेघ मुरली. व्यायाम एकच, पण आमची पोरं परीक्षेला परत पुतळ्याकडेच जात होती ना.

चित्रं लंडनला गेली आणि १८८५ मध्ये तिथल्या साउथ केन्सिंग्टन म्युझियमच्या आगीत शंभराहून जास्त जळाली. दुसऱ्यांदा आग! वर ग्रिफिथ्सनी चित्रं स्पष्ट दिसावीत म्हणून मूळ भिंतींवर व्हार्निश फासलं होतं. ते पिवळं पडलं आणि पुढच्यांना निस्तरावं लागलं. १८९६-९७ मध्ये दोन खंडांचं देखणं पुस्तक निघालं, त्यावर नाव ग्रिफिथ्सचं.

उरलेल्या नकला आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. भिंतीवरचा जो तुकडा त्यानंतर गळून पडला, त्याचा रंगीत पुरावा म्हणजे या पोरांचा हात. परत मागणं वगैरे मोठ्या गोष्टी राहू द्या. निदान त्यांच्या मूळ आकारातल्या छापील प्रती अजिंठ्याच्या पायथ्याशी लावा आणि खाली विद्यार्थ्यांची जेवढी सापडतील तेवढी नावं लिहा. एवढा खर्च महाराष्ट्राला जड नाही.