गावाचा हिशेब, शेताचा नंबर

इंदापूर परगण्याचा पेशवाईतला कागद हाती आला, की आधी त्याचे वर्ष सोडवावे लागते. ‘इहिदे सबैन मया व अलफ’ म्हणजे एक, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण 1171. त्यात 599 मिळवले की 1770. पण हे वर्ष मृगाला सुरू होऊन पुढच्या मृगाला संपते, म्हणून 1770-71 लिहायचे. पुण्याच्या पुराभिलेखागारातल्या रुमालांत अशी वर्षे एकामागून एक बांधून ठेवली आहेत. सरकारी साल पहिल्या पावसाबरोबर उघडायचे, ही गोष्ट या कारभाराचा पाया कशावर होता हे सांगायला पुरेशी आहे.

उत्तरेला आणि पूर्वेला भीमा, दक्षिणेला नीरा, आणि दोन्ही नद्या नीरा-नरसिंहपूरला एकत्र येतात, तिथे तालुक्याचे टोक. दोन नद्यांच्या बेचक्यातला हा मुलूख नकाशावर हिरवागार वाटेल. प्रत्यक्षात पाऊस तुटपुंजा, आणि कालवे येण्याआधी नद्यांचे पाणी खोल पात्रात. नदीकाठची काळी रब्बीच्या ज्वारीची, माळाची हलकी बाजरीची. पीक गेले की माणसे भीमा ओलांडायची. ही एक सवय लक्षात ठेवली नाही, तर महसुलाचे कागद समजत नाहीत.

परगण्याची वसुली पाहणारा कमाविसदार नेमताना हुजुरातून, म्हणजे पेशव्यांच्या मुख्य कचेरीतून, त्याला बेहेडा मिळे. परगण्याचा जमा किती धरायचा, त्यातून कोणाला काय द्यायचे, हे त्यात आधीच मांडलेले असे. नेमणुकीपोटी त्याच्याकडून रसद, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली जाई. त्याच्याभोवती फडणीस, मुजुमदार असे दरकदार असत आणि त्यांना काढण्याचा अधिकार त्याला नसे. शिवाय परगण्याचे देशमुख आणि देशपांडे वतनदार, पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच. कमाविसदार बदले, देशपांड्याचे दफ्तर घरातच राही. एकाच वसुलीचा हिशेब तीन-चार हातांनी लिहिला जात होता. आज आपल्याला हे कागद एकमेकांशी ताडून पाहता येतात ते या परस्परांवरच्या अविश्वासामुळे. कोणी इतिहासकारांची सोय पाहिली नव्हती.

जमाबंदी ठरे ती गावाशी. कमाविसदाराच्या बाजूने मागच्या वर्षाचे ताळेबंद, निजामशाहीतून चालत आलेला तनखा, म्हणजे जुना ठरीव आकार, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ठरवलेला कमाल, म्हणजे पुरा आकार. गावाच्या बाजूने पाटील आणि त्याची तक्रार. दोन्हींमधून एक आकडा निघे आणि तो सगळ्या गावाचा असे. गावात तो कोणी कसा वाटून घ्यायचा, हे पाटील, कुलकर्णी आणि थळकरी ठरवत. थळकऱ्याचा, म्हणजे मिरासदाराचा, जमिनीवर वंशपरंपरा हक्क. तो परागंदा झाला तरी हक्क सहसा बुडत नसे. पण सारा त्याच्यावर जड. उपऱ्याला हक्क नाही, पण दर सवलतीचा, कारण तो उठून जाऊ शकत होता. पडीत जमीन उठवायची असेल तर इस्ताव्याचा कौल: पहिल्या वर्षी नावापुरते, मग दरसाल चढते, आणि मुदत भरली की पुरते.

या सगळ्यात मला सर्वांत बोलका वाटतो तो गावखर्च. देवळाचा नंदादीप, सणावारी होणारा खर्च, गोसावी-फकिरांचा शिधा, येणाऱ्या शिपायांची बडदास्त, कचेरीतल्या माणसांना द्यावे लागणारे, हे सगळे गाव स्वतःवर पट्टी बसवून भागवे आणि त्याचा हिशेब कुलकर्णी लिही. म्हणजे सरकारची वसुली आणि गावाची स्वतःची करआकारणी एकाच माणसाच्या बोरूखालून जात होती. एल्फिन्स्टनने 1819 च्या अहवालात गावाच्या या स्वयंपूर्णतेचे कौतुक केले आणि पुढे त्यातून ‘ग्रामराज्या’ची एक गोड कल्पना तयार झाली. कागद तितके गोड नाहीत. पाटलाला गावखर्चात हात मारता येई. महजरावर, म्हणजे गोतसभेच्या निवाडपत्रावर, पाटील नांगराची, न्हावी आरशाची, परीट मोगरीची निशाणी करी, म्हणजे बलुतेदार साक्षीला असत. पण कोणाच्या माथी किती पट्टी बसली, हे ठरवण्यात त्यांचा शब्द किती चाले, हे त्या निशाणीवरून कळत नाही. शिवेचा वाद पडला की महाराची साक्ष निर्णायक ठरे, आणि तोच महार सरकारी ओझी वाहायला वेठीला धरला जाई. बायका तर वतनाचा तंटा किंवा गुन्हा असेल तेव्हाच कागदावर येतात.

1802 मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजेने हा टापू तुडवला आणि पाठोपाठ मोठा दुष्काळ पडला. नंतर दुसऱ्या बाजीरावाच्या काळात महसूल मक्त्याने देण्याची चाल वाढली. जास्त बोली लावणाऱ्या मक्तेदाराला दोन-तीन वर्षांत आपले पैसे वसूल करायचे असत. उजाड गावाला इस्तावा देऊन थांबायला त्याला सवड कुठली?

इंग्रजांनी 1818 नंतर मक्ता बंद केला, मामलेदाराला पगारी केले, बाकी बरेचसे जुनेच ठेवले. बदल आला तो मोजणीतून. 1824 पासून कर्नल साइक्स दख्खनची माहिती गोळा करत होता. त्याने थळझाडे धुंडाळले. गावातली थळे कोणकोणत्या घराण्यांची, त्यांतली गतकुळी, म्हणजे धनी परागंदा किंवा निर्वंश झालेली, किती, हे थळझाड्यात असते. त्याच सुमारास प्रिंगल या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्याची पाहणी केली. तो कंपनीच्या हेलिबरी कॉलेजचा विद्यार्थी, तिथे शिकलेले अर्थशास्त्र घेऊन आलेला. प्रत्येक प्रकारच्या जमिनीचे उत्पन्न काढा, लागवडीचा खर्च वजा करा, उरेल त्याचे शेकडा 55 सरकारचे. कागदावर हे नेमके होते. प्रत्यक्षात हाताखालच्यांनी आकडे लाच घेऊन आणि अंदाजाने भरले, आणि त्याच सुमारास धान्याचे भाव कोसळले. इंदापुरात शेते ओस पडली, कुणबी निजामाच्या मुलखात गेले. वसुलीसाठी रयतेचा शारीरिक छळ झाला, हे सरकारच्याच पुढल्या अहवालांत कबूल केलेले आहे.

म्हणून 1835-36 मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी नव्या पद्धतीची सुरुवात इंदापुरातच केली. 33 फुटांची साखळी. तिचा चौरस म्हणजे गुंठा, 40 गुंठ्यांचा एकर. शेताला नंबर, नंबराला दगड. उत्पन्नाचा अंदाज बांधायचा नादच त्यांनी सोडला. माती खणून पाहायची: एकजीव काळी पावणेदोन हात खोल असेल तर सोळा आणे, खोली कमी तसे आणे कमी, उतार, चुनखड, पाणथळपणा असे दोष दिसले तर आणखी खाली. दर हलके ठेवले आणि 30 वर्षे पक्के केले. पडीत भराभर लागवडीखाली आली. 1847 च्या संयुक्त अहवालाने हीच रीत मुंबई इलाख्याची झाली.

प्रिंगलपेक्षा ही पद्धत शंभरपट शहाणी होती, यात वाद नाही. पण आकडा आता गावाचा राहिला नाही, नंबराचा झाला. नंबराचा धनी थेट सरकारला देणेकरी. त्यामुळे पाटलाकडे घासाघीस करण्यासारखे काही उरले नाही, तो वसुलीचा शिपाई झाला. जुन्या रुमालात गावाचा ताळेबंद सापडतो. नव्या दफ्तरात नंबरांची यादी, आणि गाव त्या यादीची बेरीज.

याच बदलाला जमिनीच्या तुकड्यांसाठीही जबाबदार धरण्याचा मोह होतो. तिथे हात आखडता घ्यावा. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी 1917 मध्ये पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास छापला. त्यात जुन्या कागदांवरून काढलेली सरासरी धारणा अशी: 1771 मध्ये 40 एकर, 1818 मध्ये साडेसतरा, 1914-15 मध्ये सात. निम्म्याहून जास्त घसरण विंगेटची साखळी पडण्याआधीच झाली होती. एका गावावरून जिल्हा ठरत नाही, तरी क्रम महत्त्वाचा आहे.

तीस वर्षांची मुदत 1867 मध्ये सरली. अमेरिकेतल्या यादवीने कापसाचे भाव चढलेले, भीमेकाठच्या डिकसळवरून आगगाडी धावू लागलेली. त्या तेजीच्या हिशेबाने इंदापूरचा सारा सुमारे निम्म्याने वाढवला गेला. पाठोपाठ भाव पडले. कर्ज होतेच, आणि आता ते वसूल करायला दिवाणी कोर्टही होते. पूर्वी सावकाराला गोताच्या मनाविरुद्ध जमिनीला हात घालणे कठीण जाई. 12 मे 1875 ला शेजारच्या भीमथडी तालुक्यात सुप्याच्या बाजारात दंगा उसळला, आणि लोकांचा मुख्य रोख सावकारांकडच्या कर्जखतांवर होता. त्यांनी दस्तऐवज हुडकून जाळले. सरकारने वाढीव साऱ्याला मर्यादा घातल्या, 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा केला, आणि 1880 च्या दशकात नीरेचा डावा कालवा वाहू लागला.

गावखर्चाचे काय झाले? साऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा लोकल फंड बसला, त्यातून रस्ते आणि शाळा. व्हाइसरॉय रिपनच्या स्थानिक स्वराज्याच्या ठरावानंतर 1884 च्या कायद्याने जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डे आली. जिल्हा बोर्डाचा अध्यक्ष अर्थात कलेक्टर. पैसा गावातून गोळा होई, खर्चाचा निर्णय पुण्यात. कुलकर्णी वतने 1950 च्या कायद्याने गेली, महारांची आणि इतर कनिष्ठ वतने 1958 च्या, मुलकी पाटलाचे पद 1962 च्या. त्याच 1962 मध्ये 1 मे रोजी जिल्हा परिषद कामाला लागली. त्याआधी 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याने घरपट्टी बसवण्याचा आणि ग्रामनिधी ठेवण्याचा अधिकार गावाला कायद्याने दिला होता.

तेव्हापासून गावात दोन दफ्तरे आहेत. सातबारा तलाठ्याकडे, तहसीलदाराच्या हाताखाली. ग्रामनिधी ग्रामसेवकाकडे, जिल्हा परिषदेच्या हाताखाली. देवळाचा नंदादीप यांपैकी कोणत्याच खात्यात मोडत नाही. त्यासाठीची वर्गणी गाव आजही वेगळ्या वहीत मांडते, आणि ती वही कुठल्याच पुराभिलेखागारात जात नाही.