हाकेच्या अंतरावरचे बेट

कारवारच्या दक्षिणेला बिणग्याच्या वाळूवर उभे राहिले की समोर अंजदीव दिसते. किनाऱ्यापासून फार तर दीड-दोन किलोमीटर. आमच्या लहानपणी तर वाटे, जोराने हाक मारली तर पलीकडून कोणी ओ देईल. आणि तरीही हे बेट आमच्या जिल्ह्याचे नाही. जमिनीने ते कारवारला चिकटलेले, पण कागदोपत्री गोव्याचे. सीमाभागात जन्मलेल्यांना नकाशावरच्या अशा गमती नव्या नाहीत. पण आज मला लिहायचे आहे ते वेगळ्याच एका अंतराविषयी. ते मोजपट्टीने मोजता येत नाही. ते वाऱ्याने, पाण्याने आणि ऋतूने मोजावे लागते.

हा धडा मी प्रथम शिकलो तो १९८५ सालच्या जानेवारीत. मी तेव्हा नववीत होतो. आमच्या शेजारी एक वृद्ध तांडेल राहत. गावातली सगळी मुले त्यांना मामा म्हणत. त्यांच्या शिडाच्या होडीतून आम्ही तिघा मुलांनी अंजदीवला जायचे ठरवले. ठरवले म्हणजे आम्ही हट्ट धरला, ठरवले ते मामांनीच. आम्हाला वाटले होते, उद्या रविवार, उद्याच निघू. मामांनी आठ दिवस थांबवले. पौर्णिमेचे उधाण उतरू दिले. रोज पहाटे वाळूवर येऊन ते वाऱ्याकडे पाठ करून उभे राहत आणि घरी जात. आम्ही मनातून चिडलो होतो.

त्यांचा बेत आज कळतो. हिवाळ्यात आमच्या किनाऱ्यावर रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वाहते, तर दुपारी समुद्राकडून खारा वारा सुरू होतो. पहाटे मतलईवर जायचे, दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परतायचे. जाताना वारा पाठीशी, येतानाही पाठीशी. भूगोलाच्या पुस्तकात हे दोन्ही वारे मी तोंडपाठ केले होते आणि परीक्षेत त्यांना चार गुणही मिळवले होते. पण त्या वाऱ्यांवर माणसे ये-जा करतात, हे माझ्या डोक्यात कधी आले नव्हते.

बेटाच्या किनाऱ्याकडील बाजूस आम्ही पोचलो तेव्हा ऊन नुकते वर आले होते. मामांनी शीड उतरवले आणि नांगराचा दोर माझ्या हाती दिला. चार आकड्यांचा लोखंडी नांगर मी पाण्यात सोडला. तो तळाला टेकलेला हाताला जाणवताच उरलेला दोर मी आवळून बांधून टाकला. काम चोख झाले असे वाटून मी बेटाकडे पाहू लागलो. थोड्या वेळाने लक्षात आले की खडक मघापेक्षा जवळ दिसत आहेत. मतलई अजून वाहत होती आणि होडी नांगरासकट बेटाकडे सरकत होती. मामांनी उठून माझ्या हातची गाठ सोडली, होडी वल्ह्याने मागे घेतली आणि पाण्याच्या खोलीच्या चौपट दोर सोडला. होडी थबकली. ते कोकणीत जे बोलले त्याचा मराठी अर्थ असा : "उभा नांगर धरीत नाही, पुता. त्याला आडवा पडू दे. तो आडवा पडला की मगच तळात रुततो."

मग दुसरा दोर त्यांनी काठावरच्या खडकाला बांधला. का, असे मी विचारले. "आता वारा बेटाकडे ढकलतोय. दुपारी बेटापासून दूर लोटेल. दोन्ही वेळा आपण इथेच असायला हवे." बेटावर उतरायच्या आधी तिथून परतायची तयारी त्यांनी अशी पूर्ण केली होती.

*

पुढे एम.ए. करताना आणि नंतर शाळेत इतिहास शिकवताना या बेटाविषयी जे जे हाती लागले ते वाचत गेलो. आणि दर वेळी मामांची आठवण झाली. कारण अंजदीवचा इतिहास म्हणजे तिथे येऊन नांगर टाकणाऱ्यांचा इतिहास आहे. जे ऋतू ओळखून आले ते पाणी भरून पुढे गेले. ज्यांनी केवळ बेट पाहिले आणि वारा पाहिला नाही, त्यांनी जबर किंमत मोजली.

इ.स. १३४२च्या सुमारास इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी गोव्याहून दक्षिणेला निघाला. वाटेत जमिनीजवळच्या एका लहान बेटापाशी त्याचे जहाज थांबले. तिथे देऊळ, बाग आणि पाण्याचा तलाव असल्याचे आणि एक योगी भेटल्याचे त्याने नोंदवले आहे. हे बेट म्हणजे अंजदीवच, असे अनेक अभ्यासक मानतात. अंकोल्याच्या आर्यादुर्गेचे भक्तही देवीचे मूळ स्थान याच बेटावर सांगतात. देऊळ आणि गोडे पाणी या दोन गोष्टी त्या काळी एकत्रच असत. खाऱ्या समुद्रात गोड्या पाण्याचा झरा लाभला की माणूस आपोआप हात जोडतो.

त्यानंतर दीडशे वर्षांनी वास्को द गामा आला. १४९८च्या ऑगस्टअखेर कालिकत सोडून तो उत्तरेकडे सरकला आणि सप्टेंबरच्या शेवटी त्याने अंजदीवला नांगर टाकले. त्याच्यासोबतच्या माणसाने लिहिलेली रोजनिशी उपलब्ध आहे. बेटावर दगडी देवळाचे पडके अवशेष आणि घडीव दगडांचा तलाव असल्याचे तीत म्हटले आहे. खलाशांनी पिंपे भरून घेतली. तीनपैकी दोन जहाजे किनाऱ्यावर ओढून, कलती करून त्यांची बुडे साफ केली. आडोसा, गोडे पाणी आणि जहाज ओढण्याजोगी वाळू या तिन्ही गोष्टी एका ठिकाणी सापडणे ही दर्यावर्द्याची चैनच. नांगर टाकायला जागा अचूक निवडली होती, यात शंका नाही.

चूक झाली ती निघण्याची. ५ ऑक्टोबर १४९८ रोजी गामाने शिडे उभारली. आफ्रिकेकडे नेणारा ईशान्येचा वारा अजून स्थिरावला नव्हता. आमच्या किनाऱ्यावरचे जाणते नाखवे त्या प्रवासाला दोन-तीन महिने उशिरा निघत. येताना मालिंदीच्या राजाने दिलेल्या वाटाड्यासह नैर्ऋत्येच्या पहिल्या वाऱ्यावर गामाने हाच समुद्र २३ दिवसांत ओलांडला होता. जाताना त्याला तीन महिन्यांना तीन दिवस कमी लागले. कधी वारा पडलेला, कधी उलटा. हिरड्या सुजून दात झाकले जाऊ लागले आणि सुमारे ३० माणसे स्कर्व्हीने गेली. २ जानेवारी १४९९ रोजी आफ्रिकेची भूमी दिसली तेव्हा एकेका जहाजावर काम करण्याजोगे सात-आठच जण उरले होते. पुढे माणसेच पुरेनात म्हणून एक जहाज त्यांना स्वतःच्या हाताने जाळावे लागले. समुद्र तोच होता आणि जहाजेही तीच होती. फरक महिन्याचा होता.

पोर्तुगीज भारताचा पहिला व्हाइसरॉय फ्रांसिस्को द आल्मेदा १५०५च्या सप्टेंबरात इथे उतरला आणि त्याने किल्ला बांधायला घेतला. आदिलशाहीचे आरमार त्यावर चालून आले. पोर्तुगीजांनी ते परतवले, पण अल्पावधीतच किल्ला स्वतःच पाडून बेट सोडले. पावसाळ्याचे चार महिने जिथे होडी पोचत नाही, तिथले ठाणे म्हणजे स्वतःच्या माणसांना घातलेली कैद, हे त्यांना कळले असावे.

त्यांना जे कळले ते इंग्रजांना कळायला मात्र फार मोठी किंमत पडली.

*

मुंबई बेट आंदण मिळाल्याची कथा आपण शाळेत शिकतो. १६६१च्या करारान्वये पोर्तुगालच्या राजकन्येच्या हुंड्यात ते इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला मिळाले. पण त्या धड्यात अंजदीवचे नाव सहसा नसते. मुंबईचा ताबा घेण्यासाठी सर अब्राहम शिपमन सुमारे चारशे शिपाई घेऊन १६६२ मध्ये आला. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी कागदपत्रांवर आक्षेप काढून ताबा नाकारला. सुरतेच्या इंग्रज वखारीलाही हे सैन्य नको होते, मोगलांचा रोष ओढवेल ही भीती. मग या माणसांना उतरवायचे कुठे ? शोध घेता घेता अंजदीव सापडले. बेट रिकामे होते, पाणी होते आणि कोणाचा विरोध नव्हता. काही दिवसांचा प्रश्न आहे, असे वाटले असणार.

ते काही दिवस दोन वर्षांवर लांबले. १६६३ आणि १६६४ हे दोन पावसाळे त्या शिपायांनी या बेटावर काढले. आमच्याकडचा पाऊस काय असतो हे इथल्या वाचकांना सांगायला नको. किनाऱ्यावर लाटा फुटत असताना दीड किलोमीटरवरची जमीन डोळ्यांना दिसते, पण तिथे जाता येत नाही. निवाऱ्याची धड सोय नाही, अन्न तुटपुंजे, ताप आणि हगवण. एप्रिल १६६४ मध्ये खुद्द शिपमन इथेच वारला. अखेर फेब्रुवारी १६६५ मध्ये हंफ्री कुक उरलेल्या माणसांना घेऊन मुंबईत उतरला, तेव्हा चारशेंतले जेमतेम शंभराच्या आसपास शिल्लक होते. मुंबईच्या इंग्रजी अमलाचा पाया भरला गेला तो अंजदीवच्या थडग्यांवर.

या सैनिकांना कोणी मारले नाही. त्यांच्यावर एक गोळीही झाडली गेली नाही. उतरायचे कुठे याचा विचार झाला होता, परतायचे कधी आणि कसे याचा झाला नव्हता. मी बांधलेला तो आखूड दोर मला इथे आठवतो. टेकला म्हणजे रुतला, असे मानणारे आम्ही दोघेही.

आपल्या लोकांकडे पाहिले तर दोन्ही प्रकारची उदाहरणे दिसतात. १६७९च्या ऑगस्टअखेर शिवाजी महाराजांची माणसे मुंबईजवळच्या खांदेरी बेटावर उतरली. सुमारे दीडशे माणसे आणि चार लहान तोफा. पावसाळा ओसरत होता आणि इंग्रजांची व सिद्दीची मोठी जहाजे अजून पुरती सावध नव्हती. पुढे इंग्रजांनी वेढा घातला, तरी मराठ्यांच्या लहान होड्या रात्रीच्या अंधारात नागाव खाडीतून निघून वल्ह्यांच्या जोरावर बेटाला रसद पोचवत राहिल्या. ज्याला परतीची वाट राखता आली त्याचेच बेट झाले. याउलट १६८२ मध्ये अंजदीव हातचे गेले. कारवारचा किनारा १६७५पासून मराठ्यांकडे होता आणि संभाजी महाराजांच्या मनात अंजदीव बळकट करायचे होते. पोर्तुगीजांना याची कुणकुण लागली. त्यांनी घाईने बेटाचा ताबा घेतला आणि मे महिन्यात नव्या किल्ल्याचे काम सुरू केले. पाऊस सुरू होण्याआधी जो उतरेल त्याला पुढचे चार महिने कोणी हलवू शकणार नाही, हे गणित त्यांनी आधी मांडले, असा माझा तर्क आहे. त्या काही आठवड्यांच्या फरकाने बेट जवळपास पावणेतीनशे वर्षे पोर्तुगीजांकडे राहिले.

ते परत आले तेही रक्त सांडूनच. नोव्हेंबर १९६१ मध्ये किनाऱ्याजवळून जाणाऱ्या साबरमती या प्रवासी बोटीवर बेटावरून गोळीबार झाला. डिसेंबरात गोवा मुक्तीच्या कारवाईत भारतीय नौदलाचे जवान अंजदीववर उतरले आणि त्यांपैकी सात जण तिथे धारातीर्थी पडले.

*

आज अंजदीवला होडीने जाता येत नाही. १९८६ मध्ये सीबर्ड प्रकल्पाची कोनशिला बसली. पुढे किनाऱ्यावरच्या अनेक गावांना उठावे लागले, आणि २००५ मध्ये आयएनएस कदंब हा नौदल तळ कार्यान्वित झाला. दगडी बांधाने बेट आता जमिनीला जोडले आहे. ज्या पाण्याने सातशे वर्षे माणसांची परीक्षा घेतली, त्याच्यावरून आता रस्ता गेला आहे. देशाच्या रक्षणाचे काम आहे, तक्रार नाही. मामाही केव्हाच गेले.

परंतु त्यांच्याबरोबर जे गेले त्याची हळहळ वाटते. आमच्या शाळेतल्या कित्येक मुलांचे आजोबा शिडाच्या होड्या चालवत. नातवंडांना इंजिनाचा आवाज ओळखता येतो, पण मतलई केव्हा पडते हे सांगता येत नाही. २१ जानेवारी २०१९ रोजी कूर्मगडच्या नरसिंहाच्या जत्रेहून परतणारी होडी कारवारजवळ उलटली आणि १६ जणांचे प्राण गेले. ते बेटही किनाऱ्यावरून दिसते. दिवसही भर हिवाळ्याचा होता. त्या संध्याकाळी सगळे गाव वाळूवर उभे होते. त्यानंतर कित्येक दिवस वर्गात समुद्राविषयी बोलताना माझा आवाज फुटत नसे.

आता आठवी-नववीची मुले मला विचारतात, "सर, कूर्मगडला सहल नेणार का ?" पूर्वी मी सरळ नाही म्हणायचो. मुख्याध्यापकाला नाही म्हणणे सोपे असते. पण मुलांना समुद्रापासून दूर ठेवल्याने समुद्र सुरक्षित होत नाही, फक्त मुले अडाणी राहतात.

म्हणून यंदा दिवाळीची सुट्टी लागताना मी त्यांना एक वही घालून दिली आहे. रोज सकाळी आणि दुपारी वारा कोणीकडून येतो, भरती केव्हा लागते, चंद्र कितव्या तिथीचा, एवढेच लिहायचे. घरात कोणी जुने तांडेल असतील तर त्यांना विचारून खात्री करायची. होडीत किती माणसे बसतात, प्रत्येकासाठी जीवरक्षक जाकीट आहे का आणि किती वाजता परत फिरायचे, हेही मुलांनीच ठरवून लिहायचे आहे. दोन महिन्यांच्या नोंदी पुऱ्या झाल्या, त्या मला आणि एखाद्या अनुभवी तांडेलाला पटल्या, तर जानेवारीत जाऊ. नाही पटल्या तर वाळूवर बसून पुढच्या वर्षीचा बेत करू.

वहीच्या पहिल्या पानावर एका मुलीने लिहिले आहे : "बेटावर जाण्यासाठी लागणारा वेळ : अर्धा तास." मी त्याखाली लाल शाईने विचारले आहे, "कोणत्या वाऱ्यात ?" तिने अजून उत्तर लिहिलेले नाही. रोज पहाटे वाळूवर जाऊन उभी राहते, असे तिच्या आईने मला सांगितले.